कनेक्शन आहे, संबंध नाही

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत कनेक्शन दोन प्रकारचे असते. एक, अर्ज करूनही मिळत नाही ते. आणि दुसरे, अर्ज न करताच लागते ते. पहिल्यासाठी आधार कार्डाची झेरॉक्स, घरटॅक्सची पावती, दोन फोटो आणि भरपूर आयुष्य लागते. दुसऱ्यासाठी काहीच लागत नाही. मुंबईत कुठे बनावट नोटा सापडाव्यात, पुण्यात कुणाला तरी अटक व्हावी, की दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर 'प्रकरणाचे चंद्रपूर कनेक्शन' अशी पाटी झळकते. बातमी शेवटपर्यंत वाचावी तर कनेक्शन एवढेच निघते, की जप्त केलेल्या गाडीचा नंबर एमएच ३४ पासून सुरू होतो, किंवा आरोपी कधीकाळी बल्लारपूरला कुणाच्या तरी लग्नात जेवून गेला होता. एमएच ३३ निघाला तर कनेक्शन गडचिरोलीचे होते आणि मथळ्याचा टाईप दोन पॉइंटांनी वाढतो. एकाच शब्दाने विजेच्या खांबापासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळीकडे चाकरी करावी, ही काही साधी गोष्ट नाही. इंग्रजीतून आलेल्या या पाहुण्याने मराठीत आपला नेमका अर्थ काय करून घेतला, हे तपासायचे तर या दोन जिल्ह्यांइतकी सोयीची प्रयोगशाळा नाही. इथे वीज तयार होते, रस्ते वाहून जातात, फोन लागत नाहीत आणि संशय मात्र बारमाही असतो.

शब्दाचा स्वभाव ओळखायचा तर कोश उघडण्याआधी त्याच्या शेजारी कोणती क्रियापदे नांदतात ते पाहावे. माणसासारखेच आहे हे, संगतीवरून कळते. नाते जपतात, टिकवतात, निभावतात, आणि अगदीच नाइलाज झाला तर तोडतात. ओळख वाढवतात, ठेवतात, सोयीने विसरतात. सोयरीक जुळते, प्रसंगी मोडते. मैत्री करतात, घरोबा वाढतो, संपर्क साधतात. आता कनेक्शनच्या घरात डोकवा. कनेक्शन मिळते, असते, कापले जाते आणि उघड होते. बस्स. कनेक्शन कुणी जपल्याचे ऐकिवात नाही, निभावल्याचे तर नाहीच. 'आमच्या आजोबांनी शेजाऱ्यांशी असलेले कनेक्शन मरेपर्यंत निभावले' असे एखादे वाक्य म्हणून पाहा. आजोबांनी शेजारच्या मीटरवरून वायर ओढली होती, याखेरीज त्यातून दुसरा अर्थ निघत नाही. व्युत्पत्तीत मात्र हा भेद दिसत नाही. लॅटिनमध्ये 'नेक्टेरे' म्हणजे बांधणे, त्याला एकत्रपणाचा उपसर्ग लागून कनेक्शन झाले. आणि आपल्या संबंधातही सम् आणि बन्ध् आहेतच. दोन्हीकडे दोरी तीच, गाठ तीच. फरक मराठीने केला. नात्याची, ओळखीची, सोयरिकीची दोरी दोघांच्या हातात असते. कनेक्शनचे दुसरे टोक तिसऱ्याच कुणाच्या तरी हातात असते, आणि त्याला आपले नाव ठाऊक नसते, ग्राहक क्रमांक ठाऊक असतो. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते सिद्ध करायला विजेच्या बिलापासून सुरुवात करणे बरे.

बिल हातात घेऊन नीट पाहण्यासारखे असते, पण आपण फक्त उजवीकडचा आकडा पाहतो आणि कपाळाला हात लावतो. त्यावर 'मंजूर भार' असतो, म्हणजे तुम्ही किती ओझे टाकू शकता याची साहेबांनी दिलेली परवानगी. 'स्थिर आकार' असतो, तो वीज वापरा न वापरा, स्थिर असतो. आणि मग येतो 'वहन आकार'. वीज तुमच्या दारापर्यंत वाहून आणल्याची ही हमाली. चंद्रपूर शहराला लागून दुर्गापूर आहे, तिथे अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर औष्णिक केंद्राकडून राख येऊन बसते. त्या अंगणाचा मालकही वहन आकार भरतो आणि कुडाळचा ग्राहकही भरतो. राख आणून दिल्याचे मात्र काही घेत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. बिल थकले की कनेक्शनला दोनच गती आहेत: टीडी आणि पीडी. तात्पुरते खंडित आणि कायमस्वरूपी खंडित. लाईनमनच्या तोंडी ही अक्षरे इतकी बसलेली असतात, की 'ते घर पीडी आहे' असे तो एखाद्या आजाऱ्याबद्दल बोलावे तसे बोलतो. भावाभावांत वाटणीवरून दहा वर्षे बोलणे नसले तरी त्याला कुणी टीडी म्हणत नाही. कारण दहाव्या वर्षी एखाद्या मयतीला दोघे समोरासमोर येतात आणि पुनर्जोडणी शुल्क न भरता बोलू लागतात. 'जोडणी' हा शब्दही मुद्दाम आठवला. कागदावर 'नवीन वीजजोडणी' असते, पण ती कागदातून बाहेर आलेली कुणी पाहिली नाही. भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले, तेव्हापासून सरकारी मराठी जोडतेच आहे. गावात मात्र 'कनेक्सन कटलं' असेच म्हणतात, आणि त्या 'कटलं'मध्ये जी धार आहे ती 'खंडित'मध्ये कधी येणार नाही.

आता चंद्रपूरची गंमत अशी, की कनेक्शन या गोष्टीचा कारखानाच इथे आहे. महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. जुने दोन संच बंद झाल्यावरही आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे, महानिर्मितीच्या केंद्रांत सर्वांत मोठी. कोळसा इथला, पाणी इरई धरणाचे, उन्हाळा तर अस्सल इथलाच. आणि या विजेसाठी खास रस्ता बांधला तो चंद्रपूरहून थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत: ७५२ किलोमीटर लांबीची, पाचशे किलोव्होल्ट दाबाची, एकदिश प्रवाहाची वाहिनी. एकदिश प्रवाहाच्या वाहिनीचा गुण असा, की वाटेत कुठेही टोचून वीज काढून घेता येत नाही. ती या टोकाला चढते आणि त्या टोकाला उतरते. मध्ये सारा विदर्भ, मराठवाड्याच्या कडा, डोंगर, पठार, हजारो गावे. त्या साऱ्यांच्या डोक्यावरून पंधराशे मेगावॅट क्षमतेची ही गाडी कुठल्याच स्टेशनाला न थांबता जाते. खाली एखाद्या गावात भर एप्रिलमध्ये 'लाईन गेली' म्हणून माणसे ओसरीवर येऊन बसलेली असतात आणि वर मान केली तर लाईन जातानाच दिसते. शब्दाने इतक्या प्रामाणिकपणे वागल्याचे दुसरे उदाहरण नाही. एवढे झाले तरी तक्रार चुकीच्या जागी करू नये. विजेचा हा व्यवहार असाच असतो, दूरवर पाठवायची तर उच्च दाबाचीच वाहिनी लागते आणि मुंबईकरांनाही पंखा हवाच असतो. मला फक्त इतकेच दाखवायचे आहे, की ज्याच्या डोक्यावर कनेक्शन आहे त्याच्या घरात ते असेलच असे नाही.

याच जिल्ह्यात भद्रावतीला, म्हणजे जुन्या लोकांच्या भांदकला, याहून मजेदार प्रकरण आहे. देशाचे पश्चिमेकडचे वीजजाळे आणि दक्षिणेकडचे वीजजाळे वर्षानुवर्षे एकमेकांशी थेट जोडलेले नव्हते. दोघांचीही वारंवारिता कागदावर पन्नास हर्ट्झच, पण प्रत्यक्षात दोघांचा ताल वेगळा. एक ठेक्यावर तर दुसरा अर्धी मात्रा मागे. अशी दोन जाळी सरळ जोडली तर दोन्ही कोसळतात. मग भद्रावतीला एक केंद्र उभारले. तिथे एका बाजूने प्रत्यावर्ती प्रवाह येतो, त्याचा एकदिश प्रवाह करतात, आणि त्याच आवारात त्याचा पुन्हा प्रत्यावर्ती प्रवाह करून दुसऱ्या बाजूला सोडतात. मध्ये वाहिनी जवळजवळ नाहीच. इकडचे तिकडे द्यायचे, पण इकडच्याने तिकडच्याचे तोंड पाहायचे नाही. लग्नाच्या बैठकीत वरपक्ष आणि वधूपक्ष एकमेकांशी न बोलता मध्यस्थाला 'त्यांना सांगा' म्हणतात ना, तो मध्यस्थ म्हणजे भद्रावतीचे केंद्र, आणि त्याची क्षमता हजार मेगावॅट. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी थेट जुळले आणि दोघांचा ठेका एक झाला. अभियंते या घटनेला कनेक्शन म्हणत नाहीत, हे लक्षात घ्या. ते म्हणतात सिंक्रोनाइज झाले. म्हणजे तार असणे वेगळे आणि ताल जुळणे वेगळे, हे विजेच्या माणसांनाही कळते. त्यांनी आपल्या सोयीसाठी दोन शब्द ठेवले आणि आपल्याला मात्र एकच दिला.

इथे शुद्धतावादी वाचक समाधानाने मान डोलावू लागला असेल: हे असे होते परक्या शब्दांमुळे. त्याला थोडे थांबवले पाहिजे, कारण मी ज्या जिल्ह्यांबद्दल बोलतो आहे ते जिल्हेच परक्या कनेक्शनांनी बनले आहेत. तालुका हा शब्द घ्या. अरबीत 'ताल्लुक' म्हणजे संबंध, जडलेले असणे, लटकून असणे. त्यातून फारसीमार्गे आपला तालुका आला. इलाखाही त्याच धातूचा. मुंबई इलाखा म्हणजे शब्दशः मुंबईला लटकलेला मुलूख, आणि ज्यांनी लोकल पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. वशिला हाही अरबीच, साधन किंवा जोडून देणारा दुवा. म्हणजे कनेक्शनसाठी लोक शेकडो वर्षे बाहेरूनच शब्द आणत आले आहेत, आणि गंमत अशी की प्रत्येक वेळी आणलेल्या शब्दाचे दुसरे टोक वरच्याच हातात सापडते. तालुका हा माणसांचा माणसांशी नव्हे, साऱ्याचा खजिन्याशी संबंध होता. गडचिरोलीत असे बारा तालुके आहेत आणि चंद्रपुरात पंधरा. एकूण सत्तावीस कनेक्शने, सगळी मंजूर. तेव्हा माझे भांडण इंग्रजीशी नाही. कनेक्शन हा शब्द तालुक्याच्याच परंपरेत, त्याच्याच गादीवर येऊन बसला आहे. हे २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा करणाऱ्यांच्या मनात नसणार, पण त्या दिवशी कागदावर जे झाले ते कनेक्शन कापून नवे देणेच होते.

ही व्युत्पत्ती ध्यानात ठेवून दर पावसाळ्यातली ती बातमी वाचा: 'भामरागड तालुक्याचा संपर्क तुटला'. पर्लकोटा नदी फुगली, पुलावरून पाणी गेले, आणि कनेक्शनचे कनेक्शन गेले. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा अशा तीन नद्या एकत्र येतात. म्हणजे नद्यांचा संबंध जितका जोरात जुळतो तितका माणसांचा तुटतो. पण या मथळ्यात एक खोच आहे. संपर्क नेहमी भामरागडचा तुटतो. नागपूरचा भामरागडशी असलेला संपर्क तुटला, असे कुणी छापत नाही. तुटणारे गाव आणि ज्याच्यापासून तुटले ते गाव हे आधीच ठरलेले असते. वास्तविक त्या दिवसांत पलीकडच्या माडिया गावांत माणसे एकमेकांकडे जातच असतात, रोवणीला एकमेकांच्या बांधीत उतरतात, आजाऱ्याला खाटेवर घालून खांदा देतात. त्यांचा संपर्क शाबूत असतो. तुटलेली असते ती कार्यालयाची वायर. लगेच कुणी म्हणेल, की हे शहरात बसून बोलायला सोपे आहे. ज्याच्या घरी बाळंतीण अडली आहे त्याला विचारा. बरोबर आहे, आणि या आक्षेपाला विनोदाने उत्तर देणे हलकटपणा होईल. खाटेवरून नेलेल्या प्रत्येक बाळंतिणीला रस्ता हवा होता. १ जानेवारी २०२५ रोजी गर्देवाडा, वांगेतुरीकडून अहेरीला जाणारी एसटी सुरू झाली, स्वातंत्र्यानंतर तिथे आलेली पहिली बस म्हणून तिचे कौतुक झाले, आणि ते योग्यच झाले. पण त्या दिवशीची भाषा पाहा. भाषणात 'कनेक्टिव्हिटी' होती आणि गावात 'गाडी चालू झाली' होते. गाडी चालू झाली म्हणणाऱ्याला ती कुठे जाते, कधी परत येते आणि तिच्यातून आपली लेक येते का, हे सारे अभिप्रेत असते. कनेक्टिव्हिटीत कुणी येत नाही, फक्त टक्के वाढतात. रेल्वेचेही तेच: गडचिरोली जिल्ह्यातले स्टेशन म्हणजे एकटे वडसा, आणि वडसा ते गडचिरोली या सुमारे ५२ किलोमीटरच्या मार्गाची चर्चा ऐकत एक पिढी शिकून नोकरीला लागली. अर्थात वडशाला जाऊनच.

फोनचे प्रकरण आणखी बारीक आहे. वनखात्याची रचना अशी असते: डिव्हिजन, तिच्या खाली रेंज, रेंजमध्ये राऊंड आणि राऊंडात बीट. मराठीत वनपरिक्षेत्र म्हणायचे, पण रेंजर साहेब रेंजमध्येच राहतात. गडचिरोली जिल्ह्याच्या क्षेत्रफळापैकी साधारण ७६ टक्के जंगल आहे. तेव्हा तिथला माणूस कुठेही उभा राहिला तरी बहुतेक वेळा तो कुठल्या ना कुठल्या रेंजमध्येच असतो, आणि नेमकी तिथेच रेंज नसते. पेरमिली रेंजमध्ये रेंज नाही, या वाक्यात तर्कशास्त्राला फेस यावा असे काही आहे, पण तिथे ते कुणालाच विचित्र वाटत नाही. टॉवर 'पकडतो' ती जागा साऱ्या गावाला ठाऊक असते. चढावरचा एखादा दगड, शाळेच्या मागचा मोह, त्याच्या बुंध्याला बोटभर जागा जिथे फोन उभा टेकवला की दोन काड्या येतात, आडवा केला की जातात. पोरे तिथे अर्धवर्तुळात बसतात, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटते की झाडाची पूजा चालली आहे. तिथे कुणी 'माझे कनेक्शन नाही' म्हणत नाही. वैदर्भी मराठीने त्यासाठी अचूक रचना केली आहे: 'फोन लागून नाही राहिला.' लागायचे काम फोनचे, राहायचे काम फोनचे, आणि माणूस त्यातून पूर्ण निर्दोष बाहेर. बँकेच्या खिडकीत त्याचेच भाषांतर 'लिंक नाही' असे होते. तेंदूपत्त्याचे पैसे खात्यावर आलेत की नाही हे पाहायला कोस-दोन कोस चालत आलेल्या माणसाला 'लिंक नाही' सांगणाऱ्या बाबूचाही त्यात दोष नसतो. लिंक कुणाची, कुणाशी, कुठे तुटली, हे त्यालाही ठाऊक नसते. तोही तिचे दुसरे टोक धरून बसलेला नाही, तो मधल्या खांबावर आहे.

आणि आता ते अर्ज न करता लागणारे कनेक्शन. मराठीत या कामासाठी शब्दांचा तुटवडा मुळीच नव्हता. लागेबांधे होते, साटेलोटे होते, हितसंबंध होते. जुन्या बातमीत पोलिसांच्या हाती धागेदोरे लागायचे. मग हे सगळे बाजूला सारून कनेक्शन का आले? माझा अंदाज आहे की हे शब्द फार बोलके होते. साटेलोटे म्हटले की दोन पक्ष लागतात, दोघांनी दिलेले घेतलेले दाखवावे लागते. लागेबांधे म्हटले की कुणाचे, ही विचारणा येते. धागेदोऱ्यांना निदान एक टोक तरी हातात असावे लागते. कनेक्शनला काहीच लागत नाही. ते आहे, एवढेच; कोणत्या प्रकारचे, किती जुने, कुणी जोडले, हे सांगायची जबाबदारी शब्दानेच माफ केली आहे. उपसंपादक रात्री बारा वाजता असाच शब्द शोधत असतो. मराठीत त्याचा खरा भाऊबंद एकच, समंध. समंध हे संबंध या शब्दाचेच बिघडलेले रूप: वासना राहून गेलेला, ज्याचा हिशेब मिटला नाही असा जीव, जो ओळखदेख नसलेल्याच्याही मानगुटीवर बसतो. त्याचा सरकारी अवतार म्हणजे 'संबंधित'. संबंधित विभाग, संबंधित अधिकारी, संबंधितांनी नोंद घ्यावी. सगळ्या कागदांत वावरतो, कुणाला दिसत नाही. गडचिरोलीत मात्र कनेक्शन हा शब्द नुसता हसण्यावारी नेता येत नाही. रात्री बंदूक घेऊन दारात आलेल्याला भात वाढला, हे एकेकाळी तिथे सकाळी कनेक्शन ठरू शकत होते. आणि सकाळी आलेल्याशी चार शब्द बोलले, हे रात्री दुसऱ्या बाजूचे कनेक्शन. वाढणाऱ्याने दोन्ही वेळा फक्त भात वाढलेला असतो. त्याने जे केले ते शब्दात सांगता येते, त्याला 'वाढला' म्हणावे. कनेक्शन म्हटले की वाढणारा नाहीसा होतो आणि फक्त तार उरते.

याच मुलखात संबंध मोजण्याची एक पद्धत आहे जिच्यापुढे आधार-पॅन लिंकिंग पोरखेळ वाटावे. गोंडांत कुळे देवांच्या संख्येवरून ओळखतात: चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे. दोन अनोळखी माणसे भेटली, किती देवांचे हे विचारले, आकडा सारखा निघाला तर ते भाऊ झाले, मुलीबाळींचे लग्न त्या घरात नाही; आकडा वेगळा निघाला तर सोयरिकीची वाट मोकळी. चार अंकांचा ओटीपी लागत नाही, एक अंकी भागते. आणि उत्तर मिळताक्षणी दोघांनाही कळते की समोरच्याची थट्टा करायची की त्याच्यापुढे अदबीने बसायचे. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडया भरतात, रात्री वडशाच्या कंपन्यांची नाटके रंगतात, आणि त्या निमित्ताने सारे पाव्हणे गोळा होतात. नाटक रात्रभर चालते म्हणून लोक जागतात, हा बाहेरच्यांचा समज आहे. निम्मे प्रेक्षक रंगमंचाकडे पाठ न करता, पण कान शेजारी देऊन बसलेले असतात: पोरगा काय करतो, शेती किती एकर, तुमच्या मामाच्या गावचे ते अमुक कोण. पहाटे पडदा पडतो तोवर दोन-चार सोयरिकींची बोलणी कुठवर तरी आलेली असतात. या साऱ्या उलाढालीला कुणी कनेक्शन म्हणून पाहावे! म्हणणाऱ्याला म्हातारी माणसे मीटर कुठे आहे म्हणून विचारतील.

यावर दोन आक्षेप मला दिसतात. पहिला जुन्या माणसांचा: नात्याचे तरी दुसरे टोक कुठे आपल्या हातात असते? सासरा निवडता येत नाही, जावई तर निवडूनही फसतो, आणि भाऊबंदकीत जितकी कनेक्शने कापली गेली तितकी महावितरणने कापली नसतील. हे खरे आहे, पण त्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसता येते. व्याह्याच्या ओसरीवर चटई टाकून, चहा नाकारून, दोन तास रुसता येते. आणि न रुसता परत आलात तर तेच त्याला बोचते. कनेक्शनच्या दुसऱ्या टोकाला ओसरी नसते, टोल फ्री क्रमांक असतो, आणि तिथल्या बाईसमोर रुसणे व्यर्थ असते, कारण तुमचा रुसवा गुणवत्तेच्या हेतूने ध्वनिमुद्रित होतो. दुसरा आक्षेप तरुणांचा: आम्ही तर हा शब्द मनासाठीच वापरतो, अमुक माणसाशी आपण लगेच कनेक्ट होतो, तमुक सिनेमाशी नाही झालो. वापरतात, ऐकले आहे. पण त्यांचे व्याकरण तपासावे. ते कनेक्ट 'करत' नाहीत, 'होतात'. झाले तर झाले, नाही झाले तर कुणाचीच चूक नाही. 'काही दिवसांनी ते कनेक्शनच राहिलं नाही' हे वाक्य मोहाच्या झाडाखालच्या पोराने टॉवरबद्दल म्हणावे तसेच म्हटले जाते. फोन लागून नाही राहिला, तशी माणसेही लागून नाही राहिली. तेव्हा हा आक्षेप माझ्या बाजूचाच साक्षीदार निघतो; बिचारा उलटतपासणीला आला आणि आमच्याकडे बसला.

राहिले जंगलातले मूळ रहिवासी. वनखात्याच्या आणि अभ्यासकांच्या कागदांत वाघांच्या ये-जा करण्याच्या वाटेला कॉरिडॉर म्हणतात आणि तिच्या अवस्थेला कनेक्टिव्हिटी. मराठीत तिला भ्रमणमार्ग असे फार छान नाव पडले आहे. ऐकले की वाघ काठी टेकत संध्याकाळी फिरायला निघाल्यासारखे वाटते. ताडोब्याहून एका दिशेने उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा. दुसऱ्या दिशेने कन्हाळगाव, पुढे तेलंगणातले कावल. या वाटा नकाशावर हिरव्या पट्ट्यांनी जोडलेल्या आहेत आणि जमिनीवर त्यांना कालवा, महामार्ग, रेल्वे आणि रानडुकरासाठी शेताच्या कुंपणात सोडलेला करंट आडवा येतो. तो करंट म्हणजे कोणत्याही बिलावर न येणारे कनेक्शन, आणि त्यात सापडून वाघ मेल्याच्या बातम्या या दोन्ही जिल्ह्यांतून आल्या आहेत. तरीही जनावरे अर्ज न करता निघतात. २०२१च्या ऑक्टोबरात छत्तीसगडहून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, राज्याच्या सीमेवर कुणी त्यांचा ग्राहक क्रमांक विचारला नाही. आणि २०२३मध्ये ओडिशाच्या जंगलात एक नवा वाघ कॅमेऱ्यात आला, तेव्हा त्याच्या अंगावरचे पट्टे जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले. तो ब्रह्मपुरीचा निघाला. एवढे अंतर कापून, नद्या पोहून, रात्री रस्ते ओलांडून तो तिथे पोहोचला आणि त्याची ओळख पटली. तिथेही वर्तमानपत्रे आहेतच. ओडिशात एखादी म्हैस मारली गेली, की ब्रह्मपुरी कनेक्शन उघड व्हायला वेळ तो किती?